नेमण्णांना एक पिन पाहिजे

नवा बोर्ड हातात आला की माणसं आधी तो चालतो का ते बघतात. आमचे नेमण्णा आधी त्याचे पाय मोजतात. सोनाराकडं असतं तसलं भिंग डाव्या डोळ्याला लावायचं, उजवा डोळा गच्च मिटायचा आणि ओठ हलवत चिपचे पाय मोजायचे. मग बोर्डाच्या कडेच्या पिना मोजायच्या. मग वजाबाकी. ती झाली की भिंग काढून ते समोरच्या माणसाकडं अशा नजरेनं बघतात, जणू उरलेले पाय त्यानंच खिशात घातलेत.

"आत पाय जास्त, भायेर पिना कमी," ते म्हणतात. "मधले कुठं गेले?"

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोर्ड म्हणजे बोटभर लांबीची पट्टी. तिच्यावर पत्र्याच्या टोपणाखाली नखाएवढी चिप असते आणि सगळी अक्कल त्या चिपमध्ये असते. चिपला चारी बाजूंनी बारीक पाय असतात. त्यांतले काही पट्टीच्या कडेला आणून सोडलेले असतात, त्यांना पिना म्हणायचं. एका पिनेला बटण जोडलं तर चिपला बटण दाबल्याचं कळतं, दुसरीला दिवा जोडला तर चिप तो लावते. पण सगळेच पाय बाहेर आणत नाहीत. काही चिपच्या मेमरीला जोडलेले असतात, काही आतल्याच दुसऱ्या कामात अडकलेले असतात, काहींना पट्टीवर जागाच उरत नाही. इतकी साधी गोष्ट आहे. पण ती मी नेमण्णांना इतक्यांदा सांगितली आहे, की आता मलाच ती बनावट वाटायला लागली आहे.

"आसं कंपनी सांगतीया," ते म्हणतात. "तुमी बघितलाय का आत जाऊन?"

एकदा त्यांनी खरंच आत जायचं ठरवलं. चांगल्या चालू बोर्डाचं पत्र्याचं टोपण चाकूनं उचकटलं आणि मेमरीला गेलेल्या एका पायाला सुईच्या टोकानं तार टेकवली. बोर्ड जागच्या जागी बेशुद्ध पडला. पडणारच, तुम्ही कुणाच्या मेंदूत सुई घातलीत तर तो काय गाणं म्हणणार आहे? पण नेमण्णांचा चेहरा उजळला. "बगा शैलाबाई! हात लावला की बेशुद्ध पडतंय! म्हंजे तितंच हाय." काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण आहे, एवढं नक्की झालं. तो बोर्ड त्यानंतर पुन्हा उठला नाही.

बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात आम्ही पंपांचे कंट्रोलर बनवतो. नेमण्णा आणि मी शेजारशेजारच्या टेबलांवर बसतो. ते मूळचे निपाणीकडचे, जैनांच्या शेतकरी घरातले, पण राहतात पिरनवाडीत. रिटायर व्हायला आलेत. अंगानं काडीसारखे, शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं. ते बटणही, मला शंका आहे, कुणी गळ्याशी काही करू नये म्हणून.

संशय हा त्यांचा स्वभाव म्हणू नका, तो त्यांचा जोडधंदा आहे. खडेबाजारात कुंदा, आमच्या बेळगावची ती खव्याची मिठाई, घ्यायला गेले तर आधी रिकामा पुठ्ठ्याचा डबा काट्यावर ठेवायला लावतात. दुकानदार आता त्यांना लांबून बघितलं की आपणच डबा काट्यावर ठेवतो. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम आहे आणि तो त्यांनी कधी मोडलेला नाही. पण मावळतीची वेळ ते पंचांगातून घेत नाहीत. संध्याकाळी डबा उघडण्याआधी कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन, शेजारच्या फौंड्रीच्या धुरांड्याला वळसा घालून, सूर्य स्वतः बघून येतात. "पंचांग छापणारा कुठं ऱ्हातोय कुणाला म्हाईत," ते म्हणतात. "आमचा सूर्य ह्यो हितला."

पण त्यांची खरी करामत दोन भाषांची. आमच्याकडं बरेच कागद कन्नड आणि मराठी अशा दोन्हींत येतात. तुम्हीआम्ही आपल्याला सोयीचं वाचतो आणि सोडून देतो. नेमण्णा दोन्ही वाचतात, आणि एका भाषेनं दुसरीपासून काय लपवलं ते शोधतात. "कन्नडात सात ओळी, मराठीत सा. एक ओळ कुठं गेली?" एकदा त्यांच्या पाहुण्यातल्या लग्नाच्या पत्रिका आल्या. मुलगा निपाणीचा, मुलगी चिकोडीच्या पलीकडची, म्हणून पत्रिका दोन्ही भाषांत. कन्नड पत्रिकेत जेवणाची वेळ मराठीपेक्षा तासभर आधीची होती. छापणाऱ्याची चूक, दुसरं काय! पण नेमण्णांनी डोळे बारीक केले. "आसं हाय व्हय. म्हंजे त्येंच्या लोकान्नी आदी बसवून घ्यायचं, आन् आमी गेल्यावर होळगी संपल्याली." होळगी म्हणजे पुरणपोळी; तिच्यासाठी ते कन्नड वेळेला जाऊन मांडवात बसले. आचारी तेव्हा कोबी चिरत होते. दीड तास नेमण्णा कोबी चिरलेला बघत बसले, आणि सोमवारी येऊन मला म्हणाले, "आमी लवकर आलो म्हणून येळ फुडं ढकलली बगा त्येंनी."

लग्न त्यांनी स्वतः केलं नाही. मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढून शेजारच्याच्या बशीतल्या शेंगदाण्यांशी ताडून बघितले, अशी एक दंतकथा कारखान्यात आहे. ती खरी असावी असं मला वाटतं.

तर असे हे नेमण्णा पावसाळा संपता संपता एक दिवस माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शैलाबाई, मला एक पिन पायजे."

"कसल्या कामाला?"

"हाय एक काम."

"घरचं?"

त्यांनी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. "एक पिन मिळाली तर बरं हुईल," एवढंच म्हणून ते गेले.

त्यानंतर महिनाभर दुसरं काही नाही. दुपारच्या सुट्टीत आपल्या खिशातला बोर्ड काढून बसायचे, भिंग लावायचे, वजाबाकी करायचे. अंगानं उतरलेले दिसायला लागले. "मोठा बोर्ड घ्या की अण्णा, त्याला पिना जास्त असतात," मी म्हटलं. "मोट्यात मोटं लपवत्यात," ते म्हणाले. मी म्हटलं, एखादं काम कमी करा, तिथली पिन मोकळी होईल. तर डोळ्यांत पाणी आल्यासारखं करून म्हणाले, "त्यातलं कमी करण्याजोगं एकबी न्हाई वो." नेमण्णांच्या डोळ्यांत पाणी! मला तो सगळ्यात मोठा संशयाचा मुद्दा वाटला.

संशयाची लागण होते. स्टोअर सांभाळणारा परशू खानापूरकडचा, तो आधीच म्हणत होता, "अण्णा कायतरी शिजवालेत बगा." मग कुणीतरी म्हणालं, निपाणीला स्वतःचं युनिट काढणार आहेत. मग कुणाला आठवलं, की आमच्या नव्या कंट्रोलरचं झाकण उघडून ते बराच वेळ बघत होते. खरं तर ते उघडता येईल त्या प्रत्येक वस्तूचं झाकण उघडून बराच वेळ बघतात, पण त्या आठवड्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी माझी ड्रॉइंग्ज कपाटात घालून कुलूप लावायला लागले, आणि कुलूप लावताना मागं वळून बघायला लागले.

शेवटी मालकांनी मला बोलावलं. तरुण आहेत, वडिलांच्या वेळची माणसं सांभाळून आहेत, पण डिझाइनच्या बाबतीत हळवे. "बाई, तुम्ही त्याच रस्त्यानं जाता. रविवारी एकदा अण्णांच्या घरी जाऊन या. आपलं काही घरी बनवत असतील तर सरळ सांगा. मग मी त्यांना ठेवणार नाही. वय बघणार नाही."

मी पाव किलो कुंदा घेतला आणि गेले. खोटं कशाला सांगू, हेरगिरीलाच गेले.

पिरनवाडीत गल्लीच्या टोकाला बैठं घर. बेल दाबली तर आवाजच नाही. पण खिडकीतून आत एक लाल दिवा लागलेला दिसला आणि लगेच दार उघडलं. सत्तरीच्या पुढच्या एक बाई, पांढरी साडी, नाकावर चष्मा. नेमण्णांची थोरली बहीण, आक्का. नवरा गेल्यावर माहेरी आल्या आणि मग यांच्याजवळच राहिल्या, एवढं मी ऐकून होते. "मी शैला, कारखान्यातली," मी म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि हात हलवला. "ऐकू येत न्हाई गं बाई मला. कानाचं मशीन हाय, पर त्ये शिट्ट्याच लई मारतंय. ये, बस." आणि मागच्या खोलीकडं मान वळवून म्हणाल्या, "नेमू, तुज्या कारखान्यातली कोन आलीया बग!"

मी बसले. आक्का स्वैपाकघरात गेल्या आणि तिथून बोलत राहिल्या. माझ्याशी नव्हे, त्या मागच्या खोलीशी. "चा टाकती रं. तू बी घेनार न्हवं? साखर सकाळी तूच आनलीस ती बारीक हाय, त्यात खडंच हाईत. व्हय, आन् त्या शेजारच्या पोरीला बगायला आल्याली माणसं, ती काय म्हणाली सांगितलंच न्हाई तुला..." मधेच थांबायच्या, उत्तराला लागेल एवढा वेळ द्यायच्या, मग "तेच की!" म्हणून पुढं. सगळी हकीकत झाली. हसून झालं. मी कुतूहलानं उठून मागच्या खोलीत डोकावले.

खोलीत कुणीही नव्हतं. बाहेर येऊन बघितलं तर दाराशी नेमण्णांच्या चपलाही नव्हत्या.

मला आत जाऊन आक्कांच्या समोर उभं राहायचं धाडस झालं नाही. त्या बोलत होत्या आणि मी बाहेरच्या खोलीत कुंद्याचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. इतकं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं नेमण्णा दुधाची पिशवी घेऊन आले. मला बघून थबकले, पण काही न बोलता आधी स्वैपाकघराच्या दारात गेले. आक्का वळल्या, ते एकदम समोर दिसले, आणि त्यांच्या हातातली बशी खळकन खाली. "चोरावानी येतोस रं! आता तर आत हुतास न्हवं?"  नेमण्णांनी खाली बसून काचा गोळा केल्या.

मग त्यांनी मला ते दाखवलं. दाखवावंच लागलं, कारण मी त्याच्याच खाली बसले होते. भिंतीवर एक फळी, फळीवर रंगीत दिव्यांची ओळ, प्रत्येक दिव्याखाली जुन्या कॅलेंडरातून कापलेलं चित्र. दाराची बेल दाबली की लाल. नळाला पाणी आलं की निळा. कुकरच्या शिट्टीला पिवळा. फोनला हिरवा. गॅसचा वास सुटला तर एक मोठा, लुकलुकणारा. प्रत्येक खोलीत अशीच एकेक फळी. सगळ्यांच्या तारा कोपऱ्यातल्या टेबलावरच्या त्या बोटभर बोर्डाकडं गेलेल्या.

"आवाज हाईत तेवडं दिवं केलं," नेमण्णा म्हणाले. "माजा दिवा ऱ्हायला."

"तुमचा?"

"मी हाय का न्हाई त्येचा." ते हळू आवाजात बोलत होते; चढवला असता तरी चाललं असतं, आक्कांना ऐकू जाणार नव्हतं. "सकाळी जाताना खांद्याला हात लावून सांगावं तर ती दचकती. लई दचकती. डागदर म्हणाला, आसं दचकवू नका. म्हणून मी तसाच जातो. शेजारनीनं सांगितलं मला, अण्णा, तुमी गेल्यावर आक्का तासतासभर तुमच्यासंगं बोलत असत्यात." त्यांनी खिशातलं भिंग काढून पुसलं. "येकदा सांजचं तिनंच इचारलं, सकाळी मी इचारलं त्याला तू काय बोलला न्हाईस, रागावलायस का रं? आता काय सांगू तिला, मी हुतोच न्हाई म्हणून?"

कारखान्यात जो माणूस बोर्डाचे पाय मोजत बसला होता, त्याला हा एक दिवा लावायचा होता. आणि आम्ही कपाटांना कुलपं लावत होतो.

मी टेबलापाशी बसले. आता हे माझं काम होतं. दिवे लावू शकतील अशा पिना सगळ्या संपलेल्या होत्या. उरल्या होत्या त्या चार नुसत्या ऐकणाऱ्या. या जातीच्या बोर्डावर अशा चार पिना असतात, त्यांना बटण जोडता येतं, पण त्यांच्यानं दिवा लागत नाही. म्हणजे नेमण्णा घरात आहेत हे चिपला कळेल, पण ती आक्कांना सांगू शकणार नाही. "बगा की," नेमण्णा म्हणाले, "घरात एक ऐकू न येनारी, आन् ह्या चार बोलाय न येनाऱ्या."

तेवढ्यात माझं लक्ष बोर्डातून निघालेल्या जाड वायरीकडं गेलं. ती टेबलावरच्या एका जुन्या लॅपटॉपला जात होती, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. बेल दाबली. लाल दिवा लावला. लाल दिवा विझवला. नळ बघितला, पाणी नाही. नळ बघितला, पाणी नाही.

"हे काय?"

"पाळत," नेमण्णा म्हणाले. "काय काय करतोय त्ये सगळं ह्येनं लिहून सांगायचं. माज्या माघारी काय करतोय मला कळाय नको? लॅपटॉप रातध्याड चालूच आसतो. सांजचं येऊन मी सगळं वाचतो."

"अण्णा," मी म्हटलं, "बोर्ड लॅपटॉपला हे सांगतो ते कशातून सांगतो?"

त्यांचं बोट वायरीवरून बोर्डापर्यंत गेलं.

"पिनेतूनच सांगतो. बोलणारी पिन आहे ती. तुमची एक पिन पाळतीला लागलीय. ही कंपनीनं नाही लपवलेली."

त्यांनी भिंग लावलं. बोर्डाकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं हसतील. पण त्यांचा चेहरा पडला होता. "म्हंजे पाळत काढायची?"

"काढायची. तिथं दिवा लावायचा."

"मग त्ये काय करतंय मला कसं कळणार?"

"नाही कळणार. विश्वास ठेवायचा."

हा शब्द मी त्या घरात उच्चारायला नको होता. नेमण्णा उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी चहा प्यायले, कुंद्याचा डबा तिथंच ठेवून निघाले. डबा काट्यावर ठेवून घेतला होता की नाही, हे त्यांनी विचारलं नाही, यावरून त्यांची अवस्था तुम्हाला कळेल.

मालकांना मी सोमवारी सगळं सांगितलं. त्यांनी परशूला बोलावून चांगलं झापलं. परशूचा एकट्याचा काही दोष नव्हता, पण मालकांना कुणाला तरी झापणं भाग होतं.

नेमण्णा मात्र तो सगळा आठवडा माझ्याशी बोलले नाहीत. मी विचारायला गेले की वजाबाकी करायला लागायचे. मला वाटलं, जमणार नाही या माणसाला. आयुष्यभर डबा काट्यावर ठेवत आलेल्या माणसाला एकदम डोळे मिटून घ्यायला सांगितलं तर तो कसा मिटेल? आणि मग शनिवारी जाता जाता ते म्हणाले, "सोमवारी सकाळी येताना घरी या. बसवलाय."

मी गेले. लॅपटॉप टेबलावर नव्हता. दाराशी स्कूटरची किल्ली अडकवायची खुंटी होती. किल्ली खुंटीवर टांगली की खुंटी थोडी दबते आणि त्या ऐकणाऱ्या पिनांतल्या एकीला कळतं, अशी सोय. प्रत्येक फळीवर एक नवा पांढरा दिवा लागलेला होता. त्याच्याखाली कसलंच चित्र नव्हतं. "कसलं लावू?" नेमण्णा म्हणाले. "माजं चित्र कॅलेंडरात कुटलं आसनार?"

आक्का भाकरी थापत होत्या, दिव्याकडं बघून बोलत होत्या. नेमण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली, शर्टाचं बटण चाचपलं आणि खुंटीवरची किल्ली काढली. पांढरा दिवा विझला.

आक्का एका वाक्याच्या मध्यात होत्या. त्या थांबल्या. फळीकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं. "गेला व्हय? बरं. ऱ्हायलेलं आल्यावर सांगती," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या. घरात नुसता थापण्याचा आवाज.

मी बाहेर आले. नेमण्णा स्कूटरला किल्ली न लावता फाटकाशी उभे होते, कान घराकडं.

"चला की अण्णा, उशीर होईल."

"गप झाली," ते म्हणाले.

"तेच पाहिजे होतं ना तुम्हाला?"

"व्हय." त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "पर लईच गप झाली वो." ते म्हणाले. "येवडी वर्सं मी भायेर पडलो की मागनं तिचं बोलणं ऐकू यायचं. कोपऱ्यापत्तूर यायचं."

 नेमण्णांनी मला हातानं पुढं व्हायची खूण केली आणि वळून घरात गेले. किल्ली खुंटीवर अडकवल्याचा आवाज आला, खिडकीत पांढरा दिवा लागला आणि पाठोपाठ आक्का म्हणाल्या, "आलास? बस. काय सांगत हुती मी, तर त्या पोरीची आई म्हणली..."

नेमण्णा पाट ओढून बसले असावेत. "व्हय, मग?" असं ते विचारत होते, तिला ऐकू जात नव्हतं तरी.

मी माझी स्कूटर ढकलत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथं चालू केली. त्या दिवशी नेमण्णा कामावर उशिरा आले.